तळ्याची खुर्ची

अप्पाला खुर्चीवर बसलेलं मी कदी बगितलं न्हाई. घरात खुर्च्या व्हत्या, पोरानं आनलेला सोफा व्हता, पन अप्पा आपलं घोंगडं घडी करून भुईवर टाकायचे आन त्याच्यावरच बसायचे. दवाखान्यात नेलं तरी खालीच. डॉक्टर म्हनले, "अप्पा, वर बसा की." तर म्हनले, "तू तपास बाबा, मी हितंच हाय, कुठं पळून जायलोय?" आन एवढं असून आमच्या गावात नुस्तं खुर्ची म्हनलं की लोकाला अप्पाच आठवतेत. ही लोकाची चूक हाय, ती खुर्ची अप्पाची न्हवतीच. कोनाची व्हती ते सांगायचं म्हनलं की माझ्या अंगावर अजून काटा येतो, पन सांगते, जसं आठवंल तसं सांगते, मागं-पुढं झालं तर समजून घ्या, मी सातवीच शिकलेय.

माझं माहेर मादन हिप्परगा. लग्न होऊन आले ती बिदरजवळ, कोळारच्या फॅक्टऱ्या संपतेत त्याच्या पलीकडं, तळ्याकाठच्या गावात. लेकराचे पप्पा कोळारला गोदामात कामाला. आमी अप्पाच्या घरामागं पत्र्याच्या खोलीत भाड्यानं राहायचो. पोर तिथंच झाली. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की पोर घामोळ्यानं लाल व्हायची, रडून रडून झोपायची, आन मी तिला पदरानं वारा घालत एकच म्हनायचे, देवा, आमाला आमचं दोन खोल्याचं घर दे, वर स्लॅब असलेलं. बाकी मला काय नको व्हतं.

खोलीच्या खिडकीतनं तळं दिसायचं. तळं म्हनलं की तुमाला घाट, पायऱ्या, कमळं असलं काय वाटंल, तसलं न्हवतं ते. पाऊसकाळात पानी दिसायचं, मंग पानी मागं सरकायचं आन राहायचं ते चिबड, म्हंजी वरून वाळलेली दिसती आन आत पानी धरून बसती तसली जमीन. लव्हाळं, पानकणसं, म्हशी, बगळे. पाखरं तर लई, दिवसभर कलकल, पन भर दुपारी एक वेळ अशी यायची की सगळी एकदम गप व्हायची. एकबी न्हाई. म्हशीबी कान हलवायच्या थांबायच्या. पहिल्यांदा तसं झालं तवा मी कपडे वाळत घालायलते, हातातलं लुगडं हातातच राहिलं. अप्पा ओट्याखाली घोंगड्यावर बसलते. म्हनले, "भिऊ नको पोरी. ती ऐकायलीय."

"कोन, अप्पा?"

त्यांनी नुस्ती तळ्याकडं मान केली. तळ्याला अप्पा 'ती' म्हनायचे. सासुरवाशिणीला म्हनावं तसं. "आज ती लवकर उठली", "आज तिचं मन न्हाई", आसं.

अप्पाच्या घरान्याची मेंढरं व्हती, आजा-पंजाच्या काळात ह्याच काठावर बसायची. आता मेंढरं गेली, शेत राहिलं, घोंगडं राहिलं. पंचायतीनं तळ्याची समिती केली तवा कोनी पुढं यीना, मंग अप्पाला पुढारी केलं. तळ्याच्या जवळ कोनाला घर, गोदाम, लेआउट काय बी बांधायचं तर कागद आदी समितीकडं यायचा, समितीत सगळ्याची सही झाली तरच पुढं जायचा. लोकाला वाटलं म्हातारा हाय, सही ठोकून देतो. पन अप्पानं पहिल्याच दिवशी पंचायतीच्या हापिसात बसायला न्हाई म्हनलं. जिथं बांधायचंय तिथंच बैठक. टेंपोत प्लास्टिकच्या खुर्च्या टाकायच्या, त्या जागेवर मांडायच्या, आन सगळ्यानं तिथं उन्हात बसायचं.

चहा न्यायचं काम माझ्याकडं. पहिल्या बैठकीला मी पोरीला कडंवर घेऊन, किटली घेऊन गेले तर एक खुर्ची मोकळी व्हती. मी कप भरले, आन एक भरायचा थांबले, म्हनलं थंड होईल.

"अप्पा, अजून कोन यायचंय?"

"आलीय की," अप्पा म्हनले.

मी इकडं बगते, तिकडं बगते, बाई तर मी एकटीच. अप्पानं माझ्याकडनं तो कप भरून घेतला, त्या मोकळ्या खुर्चीच्या पायापाशी हळूच वतला, आन खुर्चीकडं बगून म्हनले, "तुझ्या अंगावर बांधायलेत, तर तुला बोलावल्याबिगर कसं?" मंग मेंबराकडं वळून म्हनले, "हां, वाचा आता."

मेंबर खाली मान घालून हसले. मला हसू न्हाई आलं, कामून तर माझी पोर. तवा ती बसायला शिकलती नुस्ती. ती कडंवरनं वाकून त्या खुर्चीकडं दोन्ही हात करायली, आपन एखाद्या बाईकडं 'मला घे' म्हनून करतो ना, तसं. मी तिचे हात धरले, तरी वळवळ करायली. हसायली. अप्पानं बगितलं. पोरीला ते अव्वा म्हनायचे, कन्नडात आईला म्हनतेत तसं. "अव्वाला ठाऊक हाय," एवढंच म्हनले.

तवापासून दर बैठकीला तसंच. एक खुर्ची जास्ती, एक कप जास्ती, आन माझ्या लेकराचे हात तिकडं. मी घरी येऊन मीठ-मिरच्या उतरायचे. चुलीत टाकले तर ठसकाच उठायचा न्हाई, मंग मला अजून भ्या वाटायचं.

अप्पाची तपासायची तऱ्हाबी अप्पासारखीच. नकाशा बगायचे न्हाईत. बिदरचा एक बिल्डर आलता, पांढरे फटक कपडे, गॉगल, पायात चकचकीत बूट. काठावर तीन मजली करायची म्हनत व्हता.

"बेडरूम कुठं?" अप्पानं इचारलं.

त्यानं कागद उघडला. "ये देखो अप्पाजी, मास्टर बेडरूम."

"कागद नको. भुईवर दाव."

त्यानं बुटानं दावलं.

"झोप."

"क्या?"

"झोप म्हनलं. उद्या दुसऱ्याला हितं झोपवनार हाईस न्हवं? मंग आज तू झोप."

मेंबर तोंडावर रुमाल धरून हसायले. बिल्डरबी हसला, त्याला वाटलं म्हाताऱ्याचं मन राखावं, रुमाल टाकून आडवा झाला. फोन वाजला तर अप्पा म्हनले, "झोपलेला मानूस फोन उचलतोय व्हय? सुम्म पड." तो गप पडून राहिला. मी समोरच व्हते, मी बगितलं, हळूहळू त्याच्या तोंडावरचं हसू गेलं. मंग तो असा चटकन उठला की जनू कोनी ढोसलं. कपडे झटकत गाडीकडं गेला. वरून ती जमीन अशी वाळलेली की भेगा पडलत्या, आन त्याच्या पांढऱ्या पाठीवर अख्खा ओला मानूस उमटलता. डोकं, खांदे, टाचा. त्याला ठाऊकच न्हाई, तो तसाच गाडीत बसला.

अप्पा म्हनले, "लिवा, न्हाई म्हनून. पानी पाठीवर आलंय."

सगळंच अप्पाचं बरोबर व्हतं आसं न्हाई बरं का. अंगनवाडीलाबी त्यांनी न्हाई म्हनलं. तिथं तर मुरूम व्हता, कुदळ लागत न्हवती, मास्तरीणबाई स्वता झोपून दावली, पाठ कोरडी. तरी न्हाई. "कामून अप्पा?" तर म्हनले, "तिनं च्या घेतला न्हाई आज," म्हंजी वतलेला चहा जमिनीवर तसाच साचून राहिलता. आता मुरमावर चहा साचनारच की! गावातल्या बाया लई शिव्या दिल्या, मीबी मनात दिल्या, आमची लेकरं अजून मारुतीच्या देवळात बसतेत. हट्टी व्हते अप्पा. लोकं म्हनायचे, ह्यांची बहीन तळ्यात गेली म्हनून आसं करतेत, कोन म्हनायचं बहीन न्हाई, बायको. मी एकदा धीर करून इचारलं. म्हनले, "च्या आन."

तळ्याच्या दुसऱ्या अंगाला खालची गल्ली हाय. समितीच्या आदी बांधलेली घरं. चांगली पक्की, रंगीत ग्रील, दारावर शुभ-लाभ, आन सगळी मोकळी. दारं फुगून लागत न्हाईत, फरशा वर आल्यात, लोकं एकेक करून निघून गेली. अप्पा दुपारी तिथं जायचे. एकदा त्यांच्या पोराचा फोन आलता म्हनून मी बोलवाया गेले, पोर कडंवर. पाखरं नुकतीच गप झालती. बगते तर अप्पा एकेका दारावर काठीनं टकटक करायलेत, "हायत का घरात?" म्हनायलेत, थांबायलेत, मान हलवून पुढच्या दाराला जायलेत.

मी लांबनंच इचारलं. "अप्पा, हितं कोन राहतंय आता?"

"मानसं गेली म्हनून घर मोकळं झालं व्हय?" म्हनले. "ये. हात लाव."

मला जायचं न्हवतं. पन मोठ्या मानसाला न्हाई कसं म्हनायचं. आत गेले, वाकून फरशीला तळहात लावला. आईऽ, आसं गार! भाईर लाही व्हायलती आन ती फरशी जनू पान्यात ठिवलेला दगड. आन ती गप न्हवती. खालून कायतरी सरकायलं, हळू, लई हळू. अप्पानं काठी आपटली, टक टक. थोडा वेळ काय न्हाई. मंग खालून, आतून, टक टक.

"उंदीर आसंल, अप्पा," मी म्हनलं, माझा आवाजच मला ओळखू यीना.

"व्हय, उंदीरच," म्हनले, आन हसले. त्या हसन्याचीच मला जास्ती भीती वाटली. पोर कडंवरनं खाली वाकायली, फरशीकडं हात करायली. मी पळत सुटले. आता आमी कोळारला वरच्या मजल्यावर राहतो, तरी सकाळी उठले की आदी फरशीला हात लावून बगते, मंग पोरीला खाली सोडते.

आन मंग तो प्लॉट पाडून इकायचा लेआउट आला. तळ्याच्या वरच्या अंगाला लाल-पिवळे दगड रवले, झेंडे लावले, कमान केली. लेकराच्या पप्पानं त्यात एक लहानसा प्लॉट बुक केला, मला न सांगता, आन पेढे घेऊन आले. मला रडूच आलं. रोज संध्याकाळी पोरीला घेऊन जाऊन बगायचे, हितं चूल, हितं देव, हितं बेडरूम, हितं पोरीचा पाळना. रोज मनात ते घर झाडून काडायचे. आन लेआउटचा कागद पुढं जायचा कुठनं? तर समितीतनं.

मी अप्पासमोर जाऊन उभी राहिले. "अप्पा, त्यात आमचाबी प्लॉट हाय."

"ठाऊक हाय."

"मंग?"

"मंग काय. झोपून बगितलीस का?"

"अप्पा, पोर पत्र्यात भाजायलीय," मी म्हनलं. "तुमाला दिसत न्हाई का?"

अप्पानं घोंगड्याची दशी ओढून तोडली. मंग म्हनले, "अव्वाला कुठं झोपवनार हाईस, तेवढं बग. बाकी मी काय म्हनत न्हाई."

ती बैठक अप्पाच्या नशिबात न्हवती. तळ्याकाठी बसल्या जागीच गेले. दुपारची वेळ, गुराख्यानं बगितलं, त्याला वाटलं म्हातारा डुलकी घेतोय. आमी उचलाया गेलो तर खालचं घोंगडं चारी बाजूनं ओलं चिंब, पिळलं तर पानी गळायलं. पानी तर तळ्याचं लांब व्हतं. लोकं म्हनले, घाम.

तेरावा झाला तसं त्यांचा पोरगा आला. "अक्का, मागच्या खोलीत दुकानाचा गाळा काडायलोय, तेवढं लवकर बगा." आता लवकर म्हंजी कुठं जायचं? आमचं घर म्हंजी ते लाल-पिवळे दगड. आन तेवढ्यातच समितीचे नवे अध्यक्ष दारात. म्हनले, "एक बाई मेंबर लागती, नवा नियम हाय. तुमी अप्पाकडचे, चहा आनत व्हता, तुमाला सगळं ठाऊक. फकस्त सही करायची." लेकराचे पप्पा एवढे खूश, पोरीला वर उडवून झेलायले. "बग गं, घर आपलं, सहीबी आपलीच!" मी हसले. पोरीला त्यांच्या हातातनं काडून घेतलं.

लेआउटवर मांडव टाकलता. मला वाटलं आता ती जास्तीची खुर्ची नसंल, बरं झालं. गेले तर व्हती. आन तिच्यावर अप्पाचा फोटो! चंदनाचा हार, कुंकू, पुढं उदबत्ती. अध्यक्ष हात जोडून म्हनायलते, "अप्पाची खुर्ची आपन मोकळी ठिवनार न्हाई. अप्पा आपल्यात हायत." सगळ्यानं हात जोडले. आन माझी पोर, जी कदी कुनाला भीत न्हाई, ती खुर्चीकडं बगून अशी किंचाळायली की श्वास अडकला तिचा, निळी पडायली. मी थोपटलं, पाजलं, कायबी कर, गप न्हाई.

मंग माझ्याच तोंडातनं निघालं. "ती खुर्ची अप्पाची न्हाई."

"काय म्हनलात, अक्का?"

"अप्पा खुर्चीवर बसत न्हवते. तिच्या जागेवर त्यांला बसवू नका. फोटो खाली घ्या."

"तिच्या म्हंजी कोनाच्या?" एक मेंबर म्हनला, आन दुसरा म्हनला, "अक्काला ऊन लागलं वाटतं."

मी तशीच पुढं गेले, फोटो उचलला, मोकळ्या पोत्याची घडी करून भुईवर टाकली आन अप्पाला त्याच्यावर टेकवलं. पोर गप झाली. नुस्ती गप न्हाई, डोळ्यात पानी तसंच, आन हसायली, आन मोकळ्या खुर्चीकडं दोन्ही हात केले.

तेवढ्यात पाखरं थांबली. एकदम. मांडवाचं कापडबी हलायचं थांबलं. आन त्या शांततेत सगळ्यानं ऐकलं, खस्स. अध्यक्ष केवढे जाड, त्यांची खुर्ची ताठ, आन जिच्यावर कोनीच न्हाई त्या खुर्चीचे पाय भुईत जायलते. कोनी तरी म्हनलं, "तिथं मऊ हाय, सरकवा." सरकवली. तिथंबी, खस्स.

मी पोरीला पोत्यावर अप्पाच्या फोटोजवळ बसवलं. पुढं चार पावलं गेले. माझी बेडरूम कुठं हाय ते मला पाठ व्हतं. जिथं पाळना येनार व्हता तिथं डोकं केलं आन पदर आवरून आडवी झाले.

आदी नुस्तं गार लागलं. उन्हात बरं वाटलं, खोटं कामून बोलू. मंग कान भुईला लागला. पोटात लेकरू पहिल्यांदा हलतं तवा बाईला कसं होतं, ते बाईलाच कळतं. तसं झालं, पन उलटं. ते माझ्यात न्हवतं, मी त्याच्यावर व्हते. खाली कोनतरी कूस बदललं. एवढं मोठं कोनतरी, की त्याला आमचं घर म्हंजी अंगावरची माशी. रागबी न्हवता त्यात. ते नुस्तं झोपेत व्हतं.

"अक्का, उठा, शोभतं का हे?" अध्यक्ष म्हनायलते.

"माझी सही न्हाई," मी पडल्या-पडल्याच म्हनलं. "माझी पोर मी हितं झोपवनार न्हाई."

मंग जो गलका झाला. सगळ्यांचेच प्लॉट त्यात. "हिच्यामुळं आमचं घर अडलं!" "अगं बये, तुझंबी घर हाय की त्यात!" "म्हाताऱ्याचं भूत बसलंय हिच्यावर!" मागनं लेकराचे पप्पा आले, कामावरनं सुटून तसेच, कंपनीचा निळा शर्ट अंगावर. तोंड लाल. "उठ. गाव बगायलंय. खोली सोडायचीय आपल्याला, कळतंय का तुला? पोरीला रस्त्यावर ठिवनार हाईस?"

"तुमी झोपून बगा," मी म्हनलं.

"येड लागलंय तुला."

"एकदा. माझ्यासाठी नको. तिच्यासाठी झोपा."

त्यांनी पोरीकडं बगितलं. पोर खुर्चीकडं बगून हसायलती. मला वाटलं आता हात उचलतेत माझ्यावर. पन ते गुडघ्यावर बसले, मंग माझ्याशेजारी आडवे झाले, नव्या घरात झोपावं तसे. लोकं हसली. मी त्यांच्या तोंडाकडं बगायलते. आदी राग व्हता. मंग कपाळावरची शीर गेली. मंग त्यांनी माझा हात धरला, अख्ख्या गावासमोर, लग्नातबी एवढा घट्ट धरला न्हवता.

"ऐकलात?" मी हळूच म्हनलं.

ते उठले, पोरीला उचलून खांद्यावर घेतलं. "चल," म्हनले. "गार लागंल तिला."

मागं अध्यक्ष ती खुर्ची भुईतनं उपटायलते, एकटे, मंग दोघं, मंग तिघं. आमी निघालो. लेकराचे पप्पा पुढं, मी मागं. त्यांच्या निळ्या शर्टाच्या पाठीवर ओला मानूस उमटलता, डोकं, खांदे, सगळा. मी सांगितलं न्हाई त्यांला. घरी जाऊन गुपचूप धुवून टाकला.

आन त्यांच्या खांद्यावरनं पोर माझ्याकडं तोंड करून व्हती, पन बगत माझ्याकडं न्हवती. माझ्या मागं बगायलती. दोन्ही हात पुढं केलेले, बोटं उघडायली, मिटायली. मी वळून बगितलं न्हाई. नुस्ती जल्दी जल्दी चालले.